नाताळानंतरचं हरीण आणि ठासणीची बंदूक: पेन्सिल्व्हेनियात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आपण रोज बोलतो. एसटी ठासून भरली होती. भाषण म्हणजे नुसता फुसका बार. मे महिन्यात पोरीच्या लग्नाचा बार उडवून टाकू. ठासणं म्हणजे काय आणि बार फुसका जातो तेव्हा नेमकं काय होतं, हे मला कळायला मात्र वयाची बेचाळिशी उलटावी लागली. मध्य पेन्सिल्व्हेनियात, रॉथरॉकच्या सरकारी जंगलात, २८ डिसेंबरच्या सकाळी मी एका ओकच्या बुंध्याला पाठ लावून बसलो होतो. मादी चाळीस पावलांवर आडवी उभी. चाप ओढला, घोडा पडला, रंजक (बाहेरच्या वाटीतली, बार पेटवायची चिमूटभर दारू) भक्कन पेटली आणि संपलं. आतला बार पेटलाच नाही. मादीनं मान वर करून धुराच्या एवढ्याशा ढगाकडे पाहिलं, एकदा खूर आपटला आणि शेपटीचं पांढरं निशाण उभारून ती निघून गेली.

चूक माझी होती, बंदुकीची नाही. कुठे झाली ते पुढे येईल. इथल्या मराठी मित्रांपैकी दोघा-तिघांनी गेल्या काही वर्षांत विचारलं, 'आम्हाला पण यायचंय, काय काय लागतं?' त्यांना फोनवर सांगून सांगून थकलो, म्हणून एकदाचं लिहून काढतो आहे.

हा हंगाम वेगळा का

पेन्सिल्व्हेनियात हरणाचा मोठा हंगाम रायफलचा. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो आणि दोन आठवडे चालतो. तेव्हा रानात जत्रा असते. ती पांगली, नाताळ झाला, की साधारण २६ डिसेंबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत आणखी एक हंगाम उघडतो, आणि त्यात बंदूक फक्त एकाच जातीची चालते: फ्लिंटलॉक, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीवर पेटणारी ठासणीची बंदूक. ऑक्टोबरात ठासणीच्या बंदुकांचा एक छोटा हंगाम असतो, त्यात गारगोटीऐवजी स्फोटक टोपीवर (कॅपवर) पेटणाऱ्या आणि आधुनिक बनावटीच्याही चालतात. नाताळानंतर त्या घरी ठेवायच्या. दुर्बीणही घरीच.

हे खूळ इथलंच आहे. अठराव्या शतकात लँकेस्टरच्या आसपास वसलेल्या जर्मन कारागिरांनी लांब नळीची, आत पेच कापलेली रायफल घडवली. पुढे तिला केंटकी रायफल म्हणू लागले, पण जन्म तिचा पेन्सिल्व्हेनियातला. त्या जुन्या हत्याराची आठवण म्हणून १९७४ मध्ये मोजक्या सरकारी शिकारभूमींवर तीन दिवसांचा हंगाम करून पाहिला, आणि तो टिकला.

कोकणातल्या वाचकांना ठासणीची बंदूक नवी नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती अजून घराघरात आहे. माझ्या आजोबांकडे होती. आम्हा पोरांना तिला हात लावायची बंदी होती, त्यामुळे तिच्याबद्दल मला माहीत होतं ते फक्त वासापुरतं. आणि एक सांगून ठेवतो: भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. इथे शिकलेली विद्या सुट्टीत गावी जाऊन वापरायची नाही. इथे हरणांचं संख्यानियंत्रण शिकारीवरच चालतं, राज्याचं गेम कमिशन दरवर्षी विभागवार परवाने ठरवतं. तिथे तसं नाही.

आधी कागद

पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. मोठ्या माणसांना तो ऑनलाइन करता येतो, पण प्रत्यक्ष वर्ग मिळाला तर तोच करा. आमच्या वर्गात माझ्या बाजूला बारा वर्षांची एक मुलगी बसली होती आणि कुंपण ओलांडताना बंदूक कशी द्यायची-घ्यायची हे तिला माझ्यापेक्षा बरं येत होतं.

मग नेहमीचा शिकार परवाना, आणि त्यावर वेगळा मझललोडर, म्हणजे ठासणीच्या बंदुकीचा, परवाना. परवान्याचं वर्ष १ जुलै ते ३० जून असतं, त्यामुळे डिसेंबरात घेतला तरी चालतो. नेहमीच्या परवान्यासोबत शिंगवाल्या नराचा एक टॅग (मारलेल्या हरणाला बांधायची चिठ्ठी) येतो. तो रायफलच्या हंगामात वापरला गेला नसेल, तर फ्लिंटलॉकच्या हंगामात त्यावर मादीही घेता येते. नवशिक्याला याहून मोठी सवलत कोणती? नियम दरवर्षी थोडे हलतात, म्हणून परवान्यासोबतची नियमपुस्तिका त्या वर्षीचीच वाचा, गेल्या वर्षीचं ऐकीव ज्ञान नको.

आपल्यापैकी बरेच जण एच-वन बीवर असतात, त्यांच्यासाठी हा परिच्छेद महत्त्वाचा. बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगू नये, असा केंद्रीय कायदा आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. जुन्या पद्धतीच्या ठासणीच्या बंदुकीला तो कायदा 'पुराण' हत्यार मानतो, म्हणजे तिची व्याख्याच निराळी. पण दुकानदार सांगतो म्हणून यावर विसंबू नका. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे असाल तर आधी आपल्या इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल टाका आणि लेखी उत्तर आल्यावरच खरेदी करा.

बंदूक, दारू आणि चिंधी

कायद्याने नळीचा व्यास किमान .४४ इंच हवा. नवशिक्याने .५० घ्यावी. गोळ्या, चिंध्या, ठासायचा गज, सगळं सामान त्या मापाचं सहज मिळतं. स्वस्तातली फ्लिंटलॉक घेण्याचा मोह आवरा. या बंदुकीत पैसा नळीसाठी मोजायचा नसतो, तो चकमकीच्या यंत्रणेसाठी मोजायचा असतो. घोड्याच्या जबड्यात गारगोटी, समोर पोलादाची उभी पट्टी (तिला इथे फ्रिझन म्हणतात), पट्टीखाली रंजकीची छोटी वाटी, वाटीतून नळीत जाणारं सुईच्या जाडीचं भोक. फ्रिझन नरम असेल तर ठिणग्या पडत नाहीत, आणि ठिणगी नाही तर हातात राहते ती काठी. दुकानात विचारून, रिकाम्या बंदुकीचा घोडा एकदा पाडून बघा. पिवळ्या-पांढऱ्या ठिणग्या वाटीत झरझर पडायला हव्यात.

दारू खरी काळी हवी: सोरा, कोळसा आणि गंधक यांची. बाजारात तिचे पर्याय मिळतात, पण ते पेटायला जास्त उष्णता लागते, आणि गारगोटीच्या ठिणगीला ते दाद देत नाहीत. आधुनिक काडतुसांत असते ती बिनधुराची दारू तर चुकूनही, चिमूटभरसुद्धा, या नळीत घालायची नाही. नळी फुटते. फुटते म्हणजे फुटतेच, बोटांसकट.

काळ्या दारूच्या दाण्याचं माप इंग्रजी एफ अक्षरावर मोजतात. एफ जितके जास्त तितका दाणा बारीक. नळीत टू-एफ किंवा थ्री-एफ, वाटीत रंजक म्हणून फोर-एफ. माझ्या .५० मध्ये मी ७० ग्रेन घालतो, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास. तुमच्या बंदुकीच्या पुस्तिकेत कमाल मर्यादा दिलेली असते, तिच्या आत राहून सुरुवात करा. गोळी शिशाची, वाटोळी, .४९० इंचाची. आणि तिला गुंडाळायला चिंधी. हो, चिंधीच: उशीच्या अभ्र्याचं घट्ट विणीचं सुती कापड, रुपयाच्या जुन्या नाण्याहून थोडं मोठं कापलेलं आणि चरबीत माखलेलं. गोळी पेचाला थेट भिडत नाही, चिंधी भिडते आणि गोळीला फिरवते.

बार भरण्याची रीत

इथे मात्र क्रम पाळायचा. दरवेळी तोच, बोलत-हसत असताना नाही.

१. नळी रिकामी आहे ना ते पाहा. गज आत सोडा. रिकाम्या नळीत तो कुठवर जातो त्याची खूण आधीच गजावर केलेली असते.

२. कोरडी चिंधी फिरवून नळीतलं तेल पुसून काढा. मग वाटीच्या भोकातून बारीक तार घाला. त्यानंतर नळी रिकामी ठेवून नुसती रंजक पेटवून बघा. माझा २८ डिसेंबरचा बार फुसका गेला तो इथेच. उन्हाळ्यात नळीला लावलेलं तेल मी नीट पुसलं नव्हतं, थंडीत ते घट्ट झालं आणि भोक बुजलं. रंजक बाहेर पेटली, आत खबरच नाही.

३. दारू नेहमी मापात ओता, मापातून नळीत. दारू ठेवायच्या शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत कधीही नाही. आत एखादी ठिणगी शिल्लक असली तर हातातला अख्खा डबा पेटतो. मापभर दारू पेटली तर दाढी जाते, डबा पेटला तर माणूस.

४. नळीच्या तोंडावर चिंधी, तिच्यावर गोळी. अंगठ्याने बसवा, छोट्या दांडक्याने आत ढकला, मग गजाने एका दमात खाली. गज पकडताना हात वीतभर अंतरावर ठेवा. लांबून धरून जोर लावला की लाकडी गज मोडतो आणि त्याची कपची तळहातातून आरपार जाते.

५. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. गजावरची दुसरी खूण (भरलेल्या नळीची) तोंडाशी आली का ते पाहा. गोळी मध्येच अडकून दारू आणि तिच्यात पोकळी राहिली, तर नळी फुगू किंवा फुटू शकते. आणि ठासायचं म्हणजे घण घातल्यासारखं आपटायचं नाही. घट्ट टेकवायचं, बस.

६. रंजक सर्वात शेवटी, जागेवर पोहोचल्यावर. वाटी तिसरा हिस्सा भरली तरी पुष्कळ. भोक रंजकीने बुजवू नका. ठिणगी भोकावरून उडी मारते, पण दारूच्या ढिगातून तिला वातीसारखं जळत जावं लागतं आणि बार उशिरा होतो.

चांदमारी

निदान चार-पाच शनिवार रेंजवर घालवल्याशिवाय रानात जाऊ नका. डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे. उजव्या बाजूला कुणाला उभं करू नका, वाटीच्या भोकातून ज्योत आडवी बाहेर येते. दोन-तीन बारांनंतर ओलसर चिंधीने नळी पुसा, नाहीतर काजळी चढते आणि पुढची गोळी अर्ध्यात अडकते.

फ्लिंटलॉकची खरी परीक्षा चाप ओढल्यानंतर असते. घोडा पडतो, नाकासमोर रंजक पेटते, आणि गोळी बाहेर पडायला डोळ्याच्या पापणीएवढा वेळ जातो. त्या पापणीएवढ्या वेळात माणूस दचकतो, मान उचलतो, हरीण पडलं का बघायला जातो आणि गोळी जाते झाडात. उपाय एकच: माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) मागच्या खाचेत धरून ठेवायची आणि धूर निवेपर्यंत हलायचं नाही. आमचे शेजारी, सत्तरी ओलांडलेले, गेली कित्येक वर्षं या हंगामाला जातात. त्यांनी मला एक महिना गारगोटीच्या जागी लाकडाचा तुकडा लावून दिवाणखान्यात सराव करायला लावला होता. घोडा पडल्यावर तीन आकडे मोजायचे, तोवर माशी भिंतीवरच्या खिळ्यावरून ढळता कामा नये. बायको रोज संध्याकाळी ही तपश्चर्या बघत भाजी निवडायची.

बार झाला नाही तर बंदूक लगेच खाली घेऊ नका. नळी समोर, सुरक्षित दिशेला, निदान मिनिटभर. कधीकधी आत धुमसत असतं.

अंतराचं म्हणाल, तर पन्नास यार्डांवर बसून मारलेल्या पाच गोळ्या फुलक्याएवढ्या गोलात पडल्या पाहिजेत. पडत नसतील तर तुमचं अंतर पंचवीस. वाटोळी गोळी जवळ जोरदार असते, पण हवेत लवकर दमते. काही जण शंभर यार्डांच्या गोष्टी सांगतात. त्या ऐकायच्या आणि सोडून द्यायच्या.

थंडी आणि ओल

या हंगामात शिकार बिघडते ती ओलीमुळे. काळी दारू हवेतली ओल ओढते, रंजक तर अर्ध्या दिवसात पिठाची खळ होते. म्हणून:

बंदूक थंडीतून गरम घरात किंवा केबिनमध्ये आणायची नाही. चष्म्यावर वाफ धरते तशी ती नळीत धरते, आणि आतला बार भिजतो. गाडीच्या डिकीत, पडवीत, शेडमध्ये, म्हणजे बाहेर जेवढी थंडी आहे तेवढ्यातच ठेवा. अर्थात रिकामी करून. चकमकीवर चामड्याची टोपी येते, ती बर्फ भुरभुरत असताना बांधून ठेवा. वाटीच्या कडेला मेणाचं बोट फिरवलं तर पाणी आत शिरत नाही. रंजक तासा-तासाने ओतून टाकून नवी घाला, आणि प्रत्येक वेळी तार घालून भोक मोकळं करा. नळी तोंड खाली करून धरा किंवा तोंडावर टेपचा तुकडा लावा.

स्वतःसाठी: सुती काहीही नको. आपल्याकडची हौस म्हणजे आत सुती बनियन, वर जाडजूड जॅकेट. चढ चढताना घाम येतो, बसलं की तोच घाम गोठतो. लोकर किंवा सिंथेटिक कपडे, आणि चढताना जॅकेट पाठीवर. बसायला फोमचा तुकडा. थर्मासमध्ये चहा, त्याचा वास हरणाला लागतो म्हणतात, पण जानेवारीत उणे आठला चार तास बसायचं आणि चहाही नाही, हे मला जमत नाही. केशरी जाकीट-टोपी मी घालतोच, नियम काहीही असो. हरणाला लाल-केशरी रंग मळकट दिसतो. त्याला निळा मात्र चांगला दिसतो, म्हणून शिकारीचे कपडे 'चमक' देणाऱ्या डिटर्जंटमध्ये धुऊ नका.

जानेवारीतलं रान वाचणं

इथलं व्हाइटटेल हरीण आपल्या चितळ-सांबराच्या जातकुळीतलं, म्हणजे दरवर्षी शिंगं गाळणारं. डिसेंबरच्या अखेरीपासून नरांची शिंगं पडायला लागतात, त्यामुळे तुम्ही ज्याला मादी समजता तो बोडका नर असू शकतो. नोव्हेंबरच्या मध्यावर माज ऐन भरात असतो, मग ओसरतो. नर महिनाभर माद्यांमागे धावून खंगलेला असतो. मग रायफलचे दोन आठवडे. एवढ्यातून वाचलेलं हरीण आता दोनच गोष्टी बघतं: पोटाला काय मिळेल आणि कुठे लपता येईल.

पोट आधी. रिज-व्हॅलीच्या या मुलखात डोंगराच्या धारेवर ओक आणि दरीत शेतं. ओकला त्या वर्षी फळ भरपूर लागलं असेल, तर हरणं बर्फ उकरून बोंडं शोधतात; काळपट उकरलेले ठिपके दिसले की समजायचं. बोंडं नसतील तर ती रात्री मक्याच्या कापलेल्या शेतात उतरतात. पेन्स व्हॅलीत बरीच शेतं आमिश लोकांची आहेत. दार ठोठावून, टोपी काढून परवानगी विचारलीत तर बहुतेक वेळा सरळ उत्तर मिळतं, हो किंवा नाही. पण रविवारी जाऊ नका. सार्वजनिक जमीन हवी असेल तर गेम कमिशनच्या शिकारभूमीच सुमारे १५ लाख एकर आहेत, आणि सरकारी जंगलं त्याहून जास्त.

लपायला हरणं माउंटन लॉरेलच्या जाळीत किंवा हेमलॉकच्या दाट सावलीत बसतात. हेमलॉकच्या फांद्या बर्फ वरच्या वर झेलतात, खाली जमीन उघडी आणि वारा कमी. कडाक्याच्या थंडीत दक्षिणेकडे तोंड असलेला उतार बघा: दुपारी अकरा ते दोन हरणं तिथे उन्हाला येतात, आपली गावाकडची म्हातारी माणसं ओट्यावर येतात तशी. ताजा बर्फ पडलेला असेल तर ही सगळी पोथी उघडीच पडते. खुरांच्या कडा धारदार असतील तर माग ताजा. आत गोठलेलं बर्फ असेल तर रात्रीचा. बसकणीत बर्फ वितळून चकाकी आली असेल, वर लेंड्या मऊ असतील, तर हरीण तुमच्यामुळेच उठून गेलंय.

वारा हरणाला तुमची सगळी हकीकत सांगतो. सकाळी ऊन चढलं की हवा उताराने वर सरकते, म्हणून तुम्ही वर बसा. संध्याकाळी थंड हवा दरीत उतरते, तेव्हा खाली. दिवसभर एकाच झाडाखाली बसून चालत नाही ते यामुळे.

या हंगामात जुने लोक हाका घालतात. चार-पाच जण लॉरेलच्या जाळीतून सावकाश चालत येतात, दोघं-तिघं पलीकडे नाक्यावर बसतात. नवशिक्याला घेऊन जायला ते खुशीने तयार असतात, कारण जाळीतून ओरबाडत चालणारं माणूस त्यांना हवंच असतं. पण पळत्या हरणावर फ्लिंटलॉक चालवू नका. हाक्यात नाक्यावर बसलात तरी, उभं राहील त्याच हरणाची वाट पाहा.

चाप ओढण्याआधी आणि नंतर

सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास, एवढी कायद्याची वेळ. राहत्या घरापासून १५० यार्डांच्या आत, परवानगीशिवाय, बंदूक चालवता येत नाही.

हरीण आडवं उभं हवं. पुढच्या पायाच्या मागच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात माशी ठेवा. तिथे फुप्फुसं आणि हृदय. समोरून, मागून, जाळीच्या काड्यांमधून नाही. माझ्या वहीत सात हंगामांत सोडून दिलेल्या हरणांची संख्या मारलेल्यांच्या कितीतरी पट आहे, आणि वहीचा वाचनीय भाग तोच.

जानेवारीत मादी गाभण असते. मेच्या शेवटी, जूनमध्ये पाडसं होतात. पोट उघडल्यावर हे दिसतं. पहिल्यांदा मला कुणी सांगितलं नव्हतं, मी हातातली सुरी ठेवून पाच मिनिटं बर्फात नुसता बसलो. तुम्हाला आधीच सांगतो आहे. हे चालणार नसेल तर ऑक्टोबरच्या हंगामात जा. त्यात कमीपणा काही नाही.

बार उडाला की समोर पांढरी भिंत उभी राहते, दिवाळीच्या पहाटेचा वास येतो आणि हरीण दिसेनासं होतं. जागचे हलू नका. आधी पुन्हा बार भरा. थरथरत्या हातांना ते काम देणं बरंच. हरीण कुठे उभं होतं, कुठल्या झाडाजवळून गेलं ते डोळ्यांत धरून ठेवा. अर्धा तास थांबा. मग त्या जागी जाऊन केस आणि रक्त बघा. फेसाळ गुलाबी रक्त फुप्फुसाचं: हरीण शंभर यार्डांच्या आत सापडतं. गडद लाल यकृताचं: आणखी दोन-तीन तास थांबा. हिरवट, दुर्गंध येणारं म्हणजे पोटात लागलंय. आता घाईने मागे लागलात तर ते मैलभर जाईल. निदान सहा तास द्या आणि मग मदतीला माणूस घेऊन या. बर्फावर माग काढणं सोपं, पण वर नवं बर्फ पडायला लागलं तर हा सगळा हिशोब बदलतो.

हरीण सापडलं की हलवण्याआधी टॅग भरून कानाला बांधा. नंतर दहा दिवसांच्या आत गेम कमिशनला कळवायचं असतं, फोनवरून किंवा ऑनलाइन. गाडीत बसण्याआधी वाटीतली रंजक झटकून टाका. रंजक काढली की इथला कायदा बंदूक रिकामी मानतो. मी कायद्याच्या पुढे जाऊन गोळीही काढतो.

मांस

आतडी-कोठा जागेवरच काढा, बर्फ आहेच थंड करायला. मूत्राशय आणि कोठा फोडू नका, एवढं सांभाळलंत की बाकी सगळं बोकडासारखंच. पेन्सिल्व्हेनियात २०१२ पासून हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (हरणाला खंगवून मारणारा रोग) सापडतो. तुमचा भाग रोगनियंत्रण क्षेत्रात येत असेल तर मुंडकं आणि पाठीचा कणा क्षेत्राबाहेर नेता येत नाही. तपासणीसाठी मुंडकं टाकायच्या पेट्या ठिकठिकाणी ठेवलेल्या असतात, तिथे टाका आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये राहू द्या. रोग निघाला तर खायचं नाही.

हरणाची चरबी मेणचट असते, टाळूला चिकटते. ती सगळी काढून टाका, बकऱ्याच्या चरबीसारखी ठेवू नका. पाठीचे दोन लांब तुकडे तव्यावर कमी वेळात. मांड्यांचं मांस आलं-लसूण लावून रात्रभर, मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात, वरून दोन चमचे तेल जास्त, कारण मांसात स्वतःची चरबी नाही. कुकरच्या शिट्या मटणापेक्षा दोन अधिक. हे मांस विकता येत नाही. जास्त झालं तर १९९१ पासून चालू असलेल्या हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट या उपक्रमातून ते गरजूंच्या जेवणात जातं. आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला मी एकदा सुकं नेलं होतं. अर्ध्या लोकांनी तोंड फिरवलं, उरलेल्या अर्ध्यांनी पातेलं पुसून नेलं.

बंदूक त्याच रात्री

कितीही दमलात तरी बंदूक त्याच रात्री धुवायची. काळ्या दारूची काजळी पाणी ओढते आणि एका रात्रीत गंज धरते. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, चिंधी काळी यायची थांबेपर्यंत. सडक्या अंड्यांचा वास सुटतो, तेव्हा हे गॅरेजमध्ये करा. वाटी, भोक, फ्रिझन, गारगोटीच्या खालचं चामडं, सगळं. मग कोरड्या चिंध्या, मग तेल.

शिकारीचं जॅकेट घालून सुट्टीला पुण्याला निघू नका. विमानतळावर कापडाने पुसून स्फोटकांचे कण तपासतात, आणि तुमच्या बाहीवर सोरा आहे. काळी दारू विमानात हातातही चालत नाही आणि सामानातही.

तीन दिवसांनी नळीतून पुन्हा एक कोरडी चिंधी फिरवा. तांबूस आली तर परत धुवा.